दहा मिनिटांच्या सरासरीत हरवलेले दीड मिनिट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला पत्र नाही, तेव्हा तू रागावला असशील तर ते रास्तच आहे. माझी तब्येत ठीक. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. लिहायला बसलो ते मात्र अशा कारणाने, की जे घरात कोणाला सांगून उपयोग नाही.

आमचा डेटाबेस सर्व्हर महिनाअखेरीस रात्री दोनच्या सुमारास दीड मिनिट अक्षरशः गोठतो. मागच्या खेपेस नेमक्या त्या वेळी कोणीतरी लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू वा ताटकळलेल्या कामांची सरासरी संख्या, पाहिले. आठ कोअरच्या, म्हणजे एका वेळी आठच कामे चालवू शकणाऱ्या मशीनवर ते चाळीस होते. वरिष्ठांनी तेवढाच आकडा धरून सोळा कोअरच्या मशीनची फाइल वर पाठवली. वसतिगृहाच्या गच्चीवरचे आपले भांडण तुला आठवले असेलच. लोड म्हणजे प्रोसेसरवर चालणाऱ्या वा त्यासाठी ताटकळणाऱ्या प्रोसेस, हे तुझे म्हणणे सोलारिस या तुझ्या लाडक्या ऑपरेटिंग सिस्टिमपुरते खरे. लिनक्समध्ये डिस्कची वाट पाहत ‘डी’ अवस्थेत अडकलेल्या प्रोसेसही १९९३ पासून त्यात धरल्या जातात. तेव्हा तू मानले नाहीस, आता निदान पत्रोत्तरी मान.

डिस्कवर संशय होता म्हणून सिसस्टॅटच्या, म्हणजे मशीनचे आकडे ठरावीक वेळाने टिपून ठेवणाऱ्या साधनांच्या नोंदी उघडल्या, आणि खरी पंचाईत तिथेच झाली. आमच्या डेबियन लिनक्सवर क्रॉन (ठरल्या वेळी कामे चालवणारा) दर दहा मिनिटांनी, म्हणजे तासातल्या पाचव्या, पंधराव्या, पंचविसाव्या मिनिटाला नोंद घेतो. त्या नोंदी वाचणारी सार ही आज्ञा सीपीयूचे (प्रोसेसरचे) जे आकडे दाखवते ते त्या संपूर्ण दहा मिनिटांची सरासरी असतात. दीड मिनिट आयओवेट, म्हणजे डिस्कची वाट पाहत प्रोसेसर रिकामा बसल्याचा वेळ, ऐंशी टक्के आणि बाकी वेळ शून्य असेल, तर कागदावर बाराच उमटतात. लोडचे नेमके उलटे: त्याची सरासरी सार काढत नाही, नोंदीच्या क्षणी कर्नल (लिनक्सचा गाभा) जे सांगेल ते उतरवून घेते. दोन वाजून सहा मिनिटांनी सुरू झालेले गोठणे आठच्या आत संपते, आणि सव्वादोनच्या नोंदीपर्यंत एक मिनिटाचे लोड सभ्य माणसासारखे खाली बसलेले असते. वरिष्ठ म्हणाले, “बाराच टक्के दिसतात, मग दोष डिस्कचा कसा?” त्यांचे तरी काय चुकले? त्यातून आयओवेट हा मुळात रिकाम्या वेळेचाच एक प्रकार. दुसऱ्या एखाद्या कामाने प्रोसेसर व्यापला, की डिस्क तितकीच मंद असूनही तो आकडा उतरतो.

शेवटी क्रॉनमधली ओळ बदलून नोंद दर मिनिटाला केली आणि रात्री आयओस्टॅट (डिस्कचे आकडे) व पिडस्टॅट (प्रोसेसनिहाय आकडे) दर सेकंदाला चालू ठेवले. साध्या रात्रीही छोटासा झटका सापडला: प्रोसेसरचा वापर जेमतेम नऊ टक्के, पण डिस्कचा अवेट, म्हणजे एका मागणीला लागणारा सरासरी वेळ, दोन मिलिसेकंदांवरून थेट चारशेवर, आणि त्याच सेकंदांना पिडस्टॅटमध्ये डिस्क सर्वाधिक वापरणारी बॅकअपची प्रोसेस. महिनाअखेरीस व्याजाचा हिशेब त्याच वेळी लिहू लागत असणार. बॅकअप तासभर पुढे ढकलला तरी भागेल, असे मला वाटते. पण तो दुसऱ्या विभागाचा, आणि त्या विभागाशी बोलणे म्हणजे काय ते तू स्वतः भोगले आहेस.

चिंता ही, की मागच्या महिनाअखेरीचा पुरावा उरलेला नाही. डेबियन सात दिवसांच्याच नोंदी ठेवते. मुदत आता मी साठ केली आहे, परंतु येत्या महिनाअखेरीच्या आत फाइलवर सही झाली, तर सोळा कोअर मिळून त्याच डिस्कची वाट पाहत बसतील. प्रोसेसर, मेमरी की डिस्क, कशासाठी किती वेळ कामे खोळंबली हे सरळ सांगणारी पीएसआयची सोय कर्नल ४.२० मध्ये आली, आणि आमचा कर्नल आहे ४.१९! माझ्या पत्रिकेला साजेसेच झाले.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? चिरंजीवांची दहावी ना यंदा? त्याला आशीर्वाद. जागेचा व्यवहार झाला असेल तर कळव.

आणि सॅडएफने या नोंदींची सीएसव्ही (आकड्यांचा तक्ता) काढून आलेख करणारी तुझी ती जुनी स्क्रिप्ट लगेच पाठव. आमच्याकडे आकडे कोणी वाचत नाही, चित्र लागते. तिच्यातल्या शिव्या मात्र काढून पाठव. या वेळी ती वरिष्ठांसमोर उघडावी लागणार आहे.

तुझा,
गच्चीवरचा प्रतिपक्ष