मांड सुधारली ती जमिनीवर : एका फिजिओथेरपिस्टना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

दवाखान्यात आपले आभार मानले तेव्हा "त्यात काय विशेष" असे म्हणून आपण पुढच्या रुग्णाला आत बोलावलेत, त्यामुळे बरेचसे सांगायचे राहून गेले. ते आता जाहीरपणे लिहितो आहे, कारण ज्या अडचणीतून आपण मला बाहेर काढलेत ती माझ्या एकट्याची नाही. पुण्यात चाळिशीनंतर हौसेने घोडेस्वारी शिकू लागलेले जे लोक मला भेटतात, त्यांतील बहुतेकांना "मांड सुटते आहे, मांड्या आवळा" हे वाक्य ऐकून ऐकून पाठ झालेले असते; मांड म्हणजे घोड्यावरची बैठक. आणि त्यावर उपाय काय, असे विचारले तर आणखी वेळ घोड्यावर बसा, याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. घोड्यावर बसल्यावाचून स्वारी येत नाही, हे कोणीही मान्य करील. मात्र जे शरीर घेऊन माणूस खोगिरावर चढतो, त्या शरीराला मुळात काय येते आणि काय येत नाही, याची चौकशी सहसा होत नाही. ती आपण केलीत. आपले नाव लिहू नये ही आपली इच्छा मी पाळतो आहे.

मी आपल्याकडे आलो तो कंबरदुखी घेऊन. दुडकीच्या चालीत, म्हणजे ट्रॉटमध्ये, खोगिरावर आदळून कंबर धरत असे आणि सोमवारी कार्यालयात खुर्चीवरून उठणे अवघड होई. आपण स्वतः घोड्यावर कधी बसलेल्या नाहीत, हे आपण पहिल्याच भेटीत सांगितलेत, आणि म्हणूनच मैदानावर येऊन पाहण्याचा आग्रह धरलात. रविवारी सकाळी कुंपणाशी उभ्या राहून आपण मला बाजूने आणि मागून न्याहाळलेत, मोबाइलवर चित्रण केलेत, आणि मी खाली उतरताच विचारलेत, "लहानपणी कोणता खेळ खेळत होता?" मी मल्लखांब म्हणालो. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळात, टिळक रस्त्यावर, माझे बालपण खांबाला लटकण्यात गेले, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. खांबावर टिकायचे तर मांड्यांची पकड हवीच. मात्र खांब उभा असतो आणि हलत नाही. घोडा आडवा असतो आणि सारखा हलत असतो. माझ्या मांड्यांना पकडायचे तेवढे ठाऊक होते, आणि "आवळा" म्हणताच त्या आनंदाने आवळत होत्या.

त्यानंतर आपण जे समजावून सांगितलेत ते मला एखाद्या प्रशिक्षकाकडून ऐकायला आवडले असते. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू घट्ट झाले की गुडघे आत ओढले जातात, मांडी वर सरकते, टाच उचलली जाते आणि बैठकीची दोन हाडे, ज्यांच्यावर स्वाराचा भार टेकलेला असायला हवा, ती खोगिरापासून सुटू लागतात. ओल्या साबणाची वडी मुठीत आवळली की ती वर निसटते, तसा मी निसटत होतो, आणि निसटतो आहे असे वाटले की आणखी आवळत होतो. शिवाय मांड्या आवळलेल्या असल्या की खुब्याचा सांधाही जखडतो. ट्रॉटमध्ये घोडा कर्णरेषेतील पायांच्या जोड्या आळीपाळीने टाकतो आणि दोन जोड्यांच्या दरम्यान क्षणभर चारही पाय अधांतरी असतात, त्यामुळे त्याची पाठ सतत वर उचलली जाते आणि खाली येते. खुबे मोकळे असतील तर स्वाराची कंबर त्या पाठीबरोबर खाली जाते. जखडलेले असतील तर पाठ खाली गेल्यावर स्वार हवेतच राहतो, आणि तो खाली येईपर्यंत पाठ पुन्हा वर आलेली असते. आदळणे म्हणतात ते हेच. तोल जाऊ लागला की हात लगामाला लोंबकळतात आणि त्याचा हिसका घोड्याच्या तोंडातील कडियाळाला बसतो. अंगावर माशी बसली तरी तेवढ्या जागची कातडी थरथरवणारे हे जनावर आहे. त्याने पाठ ताठ करून घेतली आणि स्वाराचे बसणे आणखी कठीण झाले, तर त्याला बोल लावता येत नाही.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि हालचाली नेमकेपणाने करवून घेण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक मिळविले, घोडेस्वारीतले ४१ वर्षांनंतरचे भारताचे पहिले सुवर्ण. त्याचे चित्रण आपण मला पुन्हा पाहायला लावलेत, तेही एका अटीवर: घोड्याकडे पाहायचे नाही, स्वाराच्या चेहऱ्याकडेही नाही, फक्त कंबरेकडे पाहायचे. एरवी स्वार काहीच करीत नाही असे वाटते. कंबरेवर नजर ठेवली तेव्हा कळले की खांदे आणि हात स्थिर दिसावेत म्हणून कंबर आणि खुबे प्रत्येक पावलागणिक काम करीत असतात. स्थिर बसणे म्हणजे न हलणे, ही माझी समजूत तेथेच संपली.

आपल्या तपासणीतला सर्वांत साधा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. एका उंच लाकडी बाकावर आपण घरगुती वजनकाटे शेजारी शेजारी ठेवलेत आणि प्रत्येक काट्यावर एकेक बाजू येईल असे मला बसवलेत, पाय जमिनीला न टेकवता. "सरळ बसा" म्हणालात; मी माझ्या मते सरळ बसलो. डावीकडच्या काट्याने ३४ किलो दाखविले, उजवीकडच्याने ४०. काटे आपण अदलाबदल करून पाहिलेत, फरक तसाच राहिला. आमच्या तबेल्यातला एक घोडा "उजवीकडे ओढणारा" म्हणून मी जो बदनाम करून ठेवला होता, त्याच्याबद्दल सईस पूर्वीच म्हणाला होता, "साहेब, दुसऱ्यांखाली तो सरळ चालतो." म्हणजे दोष माझ्या बैठकीचा होता. वजनातला हा फरक कशामुळे झाला, हे मी विचारीत राहिलो. खांद्यावरची लॅपटॉपची बॅग, सिग्नलला दुचाकीवरून नेहमी एकच पाय टेकणे, कधीतरी मुरगळलेला घोटा, अशी कारणे मीच पुढे केली. यांपैकी कोणतेही असू शकते आणि कोणते ते शोधण्यात वेळ घालवू नये, असे आपण सांगितलेत. हे उत्तर मला त्या वेळी रुचले नव्हते. आता ते फार शहाणपणाचे वाटते.

व्यायाम आपण थोडेच दिलेत, आणि ते दिसायला इतके किरकोळ होते की घरच्यांना मी व्यायाम करतो आहे हे पटेना. उताणे झोपून, गुडघे उभे ठेवून, कंबर चटईला टेकवायची आणि उचलायची, तीही बोटभरच. मांड्या आणि पोट न आवळता हे करायचे म्हटले की पहिल्यांदा काहीच हलत नाही. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, अशा अवस्थेत खुब्याच्या पुढच्या बाजूला ताण द्यायचा. येथे पुढे झुकून मोठा ताण घेण्याचा मोह होतो, पण कंबर मागून वाकली की ताण खुब्याला न बसता मणक्यावर जातो, हे आपण हाताने दाबून दाखविलेत. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याचे हे स्नायू आखडलेले असतात आणि खोगिरावर तेच मांडी खाली जाऊ देत नाहीत. शिवाजीनगरला अय्यंगार गुरुजींच्या १९७५ साली सुरू झालेल्या योगसंस्थेत माझी बहीण जाते. तिने पट्टा आणि लोड वापरून सुप्त बद्धकोणासन, म्हणजे उताणे झोपून, तळपाय जुळवून गुडघे बाजूंना सोडणे, सुचविले, त्याला आपण लगेच संमती दिलीत, कारण मांडीच्या आतल्या स्नायूंनी भार सोडून देणे म्हणजे काय, हे त्यात आपोआप समजते.

आणि ती वाटी! हातागुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात व डावा पाय लांब करायचा, मग त्याउलट, आणि हे करताना कंबरेवर पाण्याने निम्मी भरलेली स्टीलची वाटी ठेवायची. डावा पाय उचलताना वाटी जागची हलत नसे. उजवा पाय उचलला की ती घसरून पाणी बरगड्यांवरून खाली येई, कारण पाय खुब्यातून उचलला न जाता अख्खी कंबरच एका बाजूला कलत असे. काट्यांनी आकड्यांत सांगितलेली गोष्ट वाटीने ओल्या बनियनवर लिहून दिली. पाय कमी उचला पण वाटी राहू द्या, एवढाच आपला नियम होता. मोठ्या रबरी चेंडूवर बसण्याबद्दल मला फार उत्साह होता, कारण इंटरनेटवर त्याचेच कौतुक दिसते. ६५ सेंटिमीटरचा चेंडू आपण मला वापरू दिलात, मात्र हेही बजावलेत की चेंडू चहूबाजूंनी घरंगळतो आणि घोडा तसा घरंगळत नाही. बैठकीची हाडे कोठे टेकली आहेत हे कळण्यापुरताच त्याचा उपयोग आहे, त्याला घोडा समजू नये.

श्वासाचा मुद्दा आपल्याआधी माझ्याशी कोणी काढलाच नव्हता. ट्रॉट सुरू होताच मी श्वास रोखून धरतो हे आपण चित्रणात आवाज नसतानाही ओळखलेत, खांदे वर गेले यावरून. श्वास रोखला की छाती आणि पोट ताठ होते आणि कंबर पुन्हा जखडते. आपण मला ट्रॉटमध्ये मोठ्याने पाढे म्हणायला सांगितलेत. मैदानावर चाळिशी ओलांडलेला इसम तेराचा पाढा ओरडत फेऱ्या मारतो आहे, हे दृश्य पाहून शिकायला आलेली मुले हसली, आणि घोड्याने दोन्ही कान मागे वळवून तो सगळा ऐकून घेतला. पण पाढा म्हणताना श्वास रोखता येत नाही, हे खरे.

माझी चिकाटी संपत आली होती तेव्हा आपण डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांच्याविषयी सांगितलेत. १९४४ साली पोलिओ झाल्यानंतर गुडघ्याखालचे पाय त्यांना साथ देत नव्हते. घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने ड्रेसाजमध्ये रौप्यपदक मिळविले आणि १९५६ साली पुन्हा मिळविले. पोटऱ्यांच्या पकडीवाचून मांड कोठून येते, याचे उत्तर त्या दोन पदकांत आहे, असे आपले म्हणणे होते. ते मला इतके पटले की रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, काढून बसण्याची भीती निम्म्याने कमी झाली.

हे सारे पावसाळ्यात झाले, हेही बरेच झाले. मैदानात चिखल असल्यामुळे स्वारी जवळजवळ बंद होती आणि जमिनीवरच्या कामाला दुसरा पर्याय नव्हता. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा सुरुवात केली तेव्हा प्रशिक्षकांनी रिकिबी एक छिद्र खाली घ्यायला सांगितल्या, कारण मांडी आता खाली जात होती. बसून ट्रॉट करताना आदळणे पूर्णपणे थांबलेले नाही, पण मैदानाच्या लांब, सरळ बाजूभर ते होत नाही, वळणावर होते. काट्यांवर ३६ आणि ३८ आले. कंबर सोमवारी दुखत नाही. डावीकडे वळून कँटर, म्हणजे ट्रॉटहून वेगाची चाल, घेताना उजवा गुडघा अजून आवळतो, आणि त्यासाठी आपण नव्याने दिलेला, कुशीवर झोपून वरचा पाय भिंतीला सरकवत उचलण्याचा व्यायाम मी सध्या करीत आहे. त्याने नितंबाच्या बाजूला इतकी जळजळ होते की तो योग्य जागी लागतो आहे, अशी माझी खात्री आहे. पुढच्या भेटीत आपण पाहालच.

एक विनंती आहे. आमच्याकडे शिकणारे काही जण, त्यांत ते पाढ्यांना हसलेल्या मुलांपैकीही दोघे, आपल्याकडून तपासून घेऊ इच्छितात, आणि प्रशिक्षकांनीही त्यासाठी एक रविवार मोकळा ठेवायची तयारी दाखविली आहे. मैदानावर आल्याबद्दल माझ्या वेळी आपण वेगळे शुल्क घेतले नाहीत. या वेळी ते आधी कळवावे, नाहीतर मला त्यांना होकार देता येणार नाही. बाक आमच्याकडे आहे, वजनकाटे तेवढे आणावेत.

आपला कृतज्ञ,
एक हौशी घोडेस्वार
कोथरूड, पुणे