पंजाचा ठसा घेताना जपून

संपादक महाशय,

लाडक्या जनावराची आठवण म्हणून त्याच्या पंजाचा ठसा जपण्याची हौस वाढते आहे. हौस चांगलीच, पण जिवंत जनावराचा पंजा ओल्या प्लास्टरमध्ये थेट दाबू नका. प्लास्टर घट्ट होताना तापतं, कातडी भाजू शकते. आधी मऊ मातीत ठसा उमटवावा, मग त्यात प्लास्टर ओतावं. आमच्या बोक्याचा ठसा असाच घेतला. मधल्या गादीवरची जुनी खाचसुद्धा त्यात स्पष्ट उतरली आहे. (पंजा पुसू द्यायला मात्र स्वारी तयार नव्हती!)

जनावर गेल्यावर त्याच्या दहनाची राखही रोपाच्या मुळाशी तशीच ओतू नये, तिच्यातल्या क्षारांनी रोप जळतं. भरपूर मातीत थोडीशी मिसळावी. आणि ‘दुसरं आणा की’ म्हणणाऱ्या पाहुण्यांनी निदान पहिले काही दिवस गप्प बसावं.

– एक वाचक