रिपोर्टमध्ये न सापडणारी पोटदुखी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिव्हरच्या आजारांवर वर्तमानपत्रांत बरंच येतं, पण बहुतेक मजकूर आजार होऊ नये म्हणून काय करावं याचाच असतो. ज्यांचा सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होत जाण्याचा आजार, पुढच्या टप्प्याला गेलाय, त्यांच्या पोटदुखीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मी त्यांच्यातलाच, म्हणून हे पत्र.

कधी उजव्या बरगडीखाली ओढ लागते, कधी डावी बाजू जड होते, कधी सगळं पोटच ताणून येतं. सोनोग्राफी होते, एंडोस्कोपी होते आणि शेवटी ऐकायला मिळतं, 'दुखण्यासारखं काही दिसत नाही.' घरी पोहोचेपर्यंत त्याचं 'दुखत नसणारच' झालेलं असतं. त्यात लिव्हर म्हटलं की दारूचा संशय ठरलेला. हिपॅटायटिस बी, सी, लिव्हरवरची चरबी, यांनीही सिरॉसिस होतो हे किती जणांना सांगत बसायचं? आणि समजा दारूनेच झाला असेल, तर कळ काय खोटी येते?

लिव्हरच्या आतल्या भागाला वेदना जवळजवळ कळतच नाही, ती कळते वरच्या पातळ आवरणाला. शिवाय डाव्या बरगडीखालची प्लीहा वाढलेली असते, पोटात पाणी असतं, त्या दाबाने बेंबीपाशी हर्निया होतो. पित्ताशयातले खडेही या आजारात जास्त आढळतात. शौचाला साफ व्हावी म्हणून दिलेलं लॅक्टुलोज स्वतःच गॅस आणि मुरडा करतं, हा आणखी एक विनोद. यातलं दोन-तीन गोष्टींचं थोडं थोडं एकत्र आलं, तर कोणत्याही एका तपासणीत ठळक काही दिसत नाही. माणूस मात्र रात्रभर कूस बदलत असतो.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात माहीत हवी. पोटात पाणी असलेल्या माणसाला नवं दुखणं सुरू झालं किंवा जुनं वाढलं, तर त्या पाण्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. ताप येईलच असं नाही. सोनोग्राफीत पाणी दिसतं, त्यातला संसर्ग दिसत नाही. सुईने थोडं पाणी काढून त्यातल्या पेशी मोजाव्या लागतात; न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी एका घनमिलिमीटरला 250 किंवा त्याहून जास्त निघाल्या, तर अँटिबायोटिक लगेच सुरू करतात. तेव्हा 'कारण सापडत नाही' असं कुणी म्हटलं, तर 'पाणी तपासलं का?' एवढं विचारायला लाजू नये. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, असंबद्ध बोलणं किंवा गुंगी, लघवी एकदम कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नये.

आता गोळ्यांबद्दल. पॅरासिटामॉल लिव्हरला वाईट असं ऐकून लोक ती टाळतात आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक बिनधास्त घेतात. आमच्यासाठी गणित नेमकं उलटं आहे. या दुसऱ्या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा घटतो, अंगात पाणी साठतं, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल मात्र डॉक्टरांना विचारून, दिवसभरात 2 ग्रॅमच्या आत, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांपर्यंत, सहसा चालते. सर्दीच्या गोळ्यांतही ती असते, तीही मोजायची. मॉर्फिनसारख्या औषधांनी बद्धकोष्ठता होते, अमोनिया साठतो आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. म्हणून ती दिलीच तर कमी मात्रेत, लांब अंतराने आणि पोट साफ राहील याची काळजी घेऊन.

ताणलेल्या पोटातलं पाणी काढल्यावर जो मोकळेपणा येतो, त्याला तोड नाही. 5 लिटरहून जास्त काढलं तर सोबत अल्ब्युमिन हे प्रथिन शिरेतून देतात. एरवी थोडं थोडं खाणं, मीठ कमी, उशांना टेकून झोपणं, आणि दुखणं कधी, कुठे, कशाने वाढतं याची वही. वही घेऊन गेलं की डॉक्टरही जरा नीट ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

माझं खरं म्हणणं असं की, धोक्याची कारणं तपासून झाली की दुखण्यावरचे उपचार नेमक्या कारणासाठी अडवून ठेवू नयेत. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्यासाठीचे उपचार, सुरू झाले की आता सगळं संपलं, असा समज डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत पसरलाय. प्रत्यक्षात ती बाकीच्या उपचारांबरोबरच सुरू करता येते, अगदी लिव्हर प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असतानाही. तिचं नाव काढलं की घरात रडारड होते, म्हणून पेशंट विचारत नाही; तो विचारत नाही म्हणून डॉक्टर विषय काढत नाहीत.

आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या वेदनातज्ज्ञाकडून या विषयावर लिहून घ्यावं, ही विनंती. आणि जमलं तर वाचकांच्या प्रश्नांनाही थोडी जागा ठेवावी.

आपला,
सिरॉसिसचा एक पेशंट
(कृपया नाव छापू नये)