युक्ती क्रमांक सहा छापण्याआधी कोणी करून बघितली का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतल्या दिवाळीच्या साफसफाईच्या युक्त्या सगळ्यांनीच वाचल्या असतील, आमच्या जिन्यातल्या बायकांनी तर सकाळी चहाच्या आतच मला त्याचे फोटो पाठवले, त्यामुळे विषय काय ते परत सांगत बसत नाही. मी बोलतेय ती युक्ती क्रमांक सहा. पिवळ्या पडलेल्या टाइल्ससाठी ब्लीच, टॉयलेट क्लीनर आणि वाटीभर व्हिनेगर गरम पाण्यात एकत्र करा, फरशीवर ओता, दार लावून पंधरा मिनिटं "वाफ मुरू द्या" आणि मग घासा. वाफ मुरू द्या! ज्यांनी कोणी हे लिहिलंय त्यांनी स्वतः करून बघितलेलं नाही एवढं मी छातीठोक सांगते, कारण बघितलं असतं तर युक्ती क्रमांक सात लिहायला त्या टेबलाशी बसू शकल्या नसत्या.

माझी सगळी नोकरी हॉस्पिटलात गेली, त्यातली बरीचशी ऑपरेशन थिएटरमधे. ब्लीच म्हणजे आमच्या भाषेत हायपो, सोडियम हायपोक्लोराइट. चांगली वस्तू आहे, स्वस्त आहे, आणि माझं त्याच्याशी काही वैर नाही. रक्त सांडलं की त्यावर कापड टाकून एक टक्क्याचं हायपो ओतायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही, हे आम्ही झोपेतसुद्धा केलं असेल. पण त्याच हायपोत ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. मग ते ॲसिड संडासच्या निळ्या लिक्विडमधलं असो (त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं, साधारण दहा टक्के), व्हिनेगर असो नाहीतर लिंबू. तुमच्या युक्तीत त्यातल्या दोन गोष्टी आहेत, वर गरम पाणी, वर बंद दार. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या आघाडीवर जर्मन सैन्याने हाच वायू सोडला होता, त्यांना निदान वाऱ्याची दिशा बघावी लागली, आपल्या बाथरूममधे तेवढीही अडचण नाही.

आता तुम्ही म्हणाल की बाई उगाच बाऊ करतात. म्हणून आमच्या सोसायटीत काय झालं ते सांगते. आमच्याकडे तळमजल्यावर ड्रायव्हर आणि वॉचमनसाठी एक संडास आहे, खिडकी म्हणजे वरती एक जाळी, बस. तिथे झाडणाऱ्या मावशींना एका फ्लॅटमधल्या मॅडमनी सांगितलं, मावशी, नुसत्या ब्लीचने डाग जात नाहीत, त्यावर थोडं ॲसिड टाका, आमच्या आधीच्या सोसायटीत असंच करायचे. मावशींनी टाकलं. आणि मावशी खाली उकिडव्या बसून घासत होत्या, हे लक्षात घ्या, कारण क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो, तो वर जाळीतून निघून जात नाही, खाली फरशीवर बसतो, म्हणजे उभ्या माणसाला नुसता ठसका लागेल तिथे बसलेल्या माणसाच्या नाकातोंडात सगळा जातो. मी भाजी घेऊन येत होते तर पॅसेजमधे हा ओळखीचा वास आणि मावशी भिंतीला धरून खोकतायत, डोळ्यांतून धारा, बोलता येईना.

आणि आमचे सेक्रेटरीसाहेब काय करत होते? दूध आणायला माणूस पाठवत होते! तोपर्यंत मावशींना त्याच पॅसेजमधे सतरंजीवर आडवं करा म्हणाले. अहो, फरशीवर जो वायू साठलाय त्यातच? मी पिशवी टाकली, वॉचमनला हाक मारली आणि दोघांनी मिळून त्यांना धरून बाहेर गेटपाशी मोकळ्या हवेत नेलं, बसतं ठेवलं, पदर भिजला होता तो सोडवून घरातली साडी गुंडाळायला दिली, डोळे नळाच्या वाहत्या पाण्याने धुतले, आणि दुधाचा ग्लास आला तो मी परत पाठवला. दूध पोटात जातं हो, श्वासातून गेलेला वायू फुप्फुसात असतो, या दोघांची गाठ कुठे पडणार? आणि खोकणाऱ्या माणसाला पाजलंत तर ते श्वासनलिकेत जायची भीती. पण हे दूधप्रकरण आपल्याकडे इतकं मुरलंय की साहेब माझ्यावरच चिडले, म्हणाले तुम्ही उगाच घाबरवताय, आता बरं वाटतंय ना त्यांना, अर्ध्या तासात कामाला लागतील.

इथेच खरी मेख आहे. क्लोरीन लागलेल्या माणसाला आधी बरं वाटू शकतं आणि मग काही तासांनी दम लागायला लागतो, फुप्फुसात पाणी भरायला लागतं, कधी रात्री, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत. म्हणून अशा माणसाला एकटं घरी पाठवायचं नसतं, डॉक्टरच्या नजरेखाली ठेवायचं असतं. मी १०८ ला फोन करते म्हटल्यावर साहेब म्हणाले अँब्युलन्स गेटवर नको, लोक काय म्हणतील. शेवटी रिक्षाने नेलं. मावशींना एक रात्र ठेवून घेतलं, ऑक्सिजन लावला, बऱ्या झाल्या. त्या दोन दिवसांचा पगार सोसायटीने कापला आणि नोटीस बोर्डावर कागद लागला की हाउसकीपिंग स्टाफने केमिकल वापरताना काळजी घ्यावी. ज्या मॅडमनी सल्ला दिला त्यांचं नाव कुठेच नाही. पगाराचं मी जनरल बॉडीत काढलं तर विषय अजेंड्यावर नाही म्हणून बसवलं. पार्किंगच्या पट्ट्यांवर मात्र दीड तास चर्चा झाली, ती अजेंड्यावर होती.

आता कळलं का मी सहाव्या युक्तीवर एवढी का उखडले? तुमची पुरवणी वाचणार मॅडम आणि दार लावून आत बसणार मावशी. पुण्यात किती घरांत बाथरूम स्वतः घासतात ते तुम्हाला माहीत आहे. "मावशी, आज पेपरात आलंय तसं करून बघा" हे वाक्य काल किती घरांत म्हटलं गेलं असेल या विचाराने मला काल दुपारी झोप लागली नाही. बरं, तुमच्याकडे मागच्या अनुभवाची कमतरता आहे म्हणावं तर तसंही नाही. २०२३ साली पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती झाली आणि पोहायला आलेल्या लोकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, तेव्हा तुम्हीच पहिल्या पानावर छापलं होतं. बातमी लिहिणारे आणि पुरवणी लिहिणारे एकमेकांशी बोलत नाहीत का?

आणि गरम पाण्याबद्दल. हायपो गरम पाण्यात टाकलं की त्याचा जोर लवकर जातो, म्हणजे वास जास्त आणि काम कमी. पण आपल्या लोकांचा नाकावरच विश्वास, नाक झोंबलं की स्वच्छ झालं. उलट जागा आधी साबणाने धुऊन घ्यायची, कारण घाण असली की हायपो त्या घाणीवरच संपून जातं, मग साध्या थंड पाण्यात मिसळून लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, दार-खिडकी उघडी ठेवायची, पाण्याने धुऊन टाकायचं. पाच टक्क्याची बाटली असेल तर फरशीसाठी लिटरभर पाण्याला २० मिली पुष्कळ झालं. हातात रबरी मोजे, ते रोजच्या रोज, नुसते पाहुणे येणार असले तरच असं नाही. उघड्या हाताला हायपो लागलं की साबण लागल्यासारखं बुळबुळीत वाटतं, ते साबण नसतं, आपल्याच कातडीचं तेल विरघळत असतं. डोळ्यात उडालं तर नळाखाली निदान पंधरा ते वीस मिनिटं, चोळायचं नाही, आणि "उतारा" म्हणून लिंबू-व्हिनेगर काही लावायचं नाही, मग तडक डॉक्टरकडे. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विडसुद्धा यात नको, त्यातून क्लोरामाइन निघतं, तेही घसा धरतं. एवढं छापायला युक्ती क्रमांक सहाइतकीच जागा लागली असती.

आमच्या सिंहगड रस्त्यावर तर हा विषय जास्तच आहे. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, हातापायातली ताकद जाणारा नसांचा आजार) पेशंट सापडायला लागले आणि संशय दूषित पाण्यावर आला, तेव्हापासून सगळ्या सोसायट्यांना पाण्याच्या टाकीत हायपो टाकायची सवय लागली, चांगलंच आहे, मी स्वतः त्या वेळी मागे लागले होते. पण टाकायचं कोणी आणि किती? आमच्याकडे बोहरी आळीतून दहा टक्क्याचा मोठा कॅन येतो आणि पंप रूमच्या बाहेर भर उन्हात पडलेला असतो. उन्हाने त्याचा जोर उतरतो आणि आत वायू धरून कॅन फुगतो, मग कोणीतरी झाकण फिरवलं की फस्सकन तोंडावर येतं. नळाला क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे, ते बघायला ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टचं किट आणलं होतं, दोन थेंब टाकले की पिवळा रंग येतो, पोरसुद्धा करेल. ते किट आता क्लब हाउसच्या कपाटात कॅरमच्या सोंगट्यांबरोबर आहे आणि वॉचमन अंदाजे ओततो. तोच वॉचमन त्याच कॅनमधलं हायपो पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून मावशींना देतो, बाटलीवर ना चिठ्ठी ना काही, शेजारी दारावर येणाऱ्या सायकलवाल्याकडून घेतलेलं ॲसिड, तेही तशाच बाटलीत. उन्हाळ्यात एखाद्या ड्रायव्हरने तहान लागली म्हणून तोंडाला लावली तर? सुट्या ॲसिडच्या विक्रीवर सुप्रीम कोर्टाने २०१३ साली बंधनं घातली, विकणाऱ्याने घेणाऱ्याची नोंद ठेवायची असं सांगितलं. सायकलला रजिस्टर बांधलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

या सायकलवाल्याबद्दल मी तुम्हाला मागे एक पत्र लिहिलं होतं, ते तुम्ही छापलंत त्याबद्दल आभार, पण असं कापलंत की मी "सायकलवर ॲसिड विकणाऱ्यांना महापालिकेने जागा उपलब्ध करून द्यावी" अशी मागणी केल्यासारखं झालं! मी लिहिलं होतं की हे विकायचं तर परवाना आणि ठरलेली जागा हवी, दारोदार नको. खाली माझं नाव, गल्लीत लोक मला विचारायला लागले की ताई, तुमचे कोणी नातेवाईक आहेत का त्या धंद्यात. खुलासा पाठवला तो आलाच नाही. या वेळी दुरुस्ती छापाल तर कृपा करून पुरवणीतच आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, आतल्या पानावर निविदा सूचनांच्या खाली मुंगीच्या अक्षरात नको, कारण तिथे ती कोणत्याच मॅडमना दिसणार नाही. आणि हे पत्र लांबलंय हे मला कळतंय, कापायचं तर सेक्रेटरीसाहेबांचा भाग कापा, त्यांची काही हरकत नसेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
सिंहगड रस्ता, पुणे

ता. क. : युक्ती क्रमांक तीन, बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंक साफ करायची, ती बिनधास्त करा, धोका काही नाही. फेस येतो, फेस जातो, आणि दोन्ही एकमेकांना मारून खाली जवळजवळ खारट पाणी उरतं, सिंक मग नेहमीच्या साबणाने घासावंच लागतं.