वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी वाडे मोजावेत

महोदय,

बारावीनंतर वास्तुकलेकडे वळणाऱ्या मुलांच्या पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात आराखड्यांचे बरेचसे काम आता संगणकावरच होते, हे पालक या नात्याने मी जवळून पाहत आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी जेथे कलाभवन स्थापून हाताच्या कौशल्याला शिक्षणात मानाचे स्थान दिले, त्या बडोद्यात तरी पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या हाती टेप आणि कागद देऊन त्यांना जुन्या पोळांतील, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्त्यांतील, घरे मोजायला पाठवावे, असे मला मनापासून वाटते. माझ्या मुलीने एका लाकडी घराचे असे मोजमाप घेतले, तेव्हा खांबाला जमिनीची ओल लागू नये म्हणून त्याखाली बसवलेला दगडी तळखडा तिने प्रथमच हात लावून पाहिला. चौकातून आतल्या खोल्यांपर्यंत उजेड आणि वारा कसा पोहोचतो, हेही तिला तेथेच उमगले. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा संरक्षित आहे, परंतु साध्या कुटुंबांची घरे एकामागून एक पाडली जात आहेत. ती नाहीशी होण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी काढलेले आराखडे विद्यापीठाने जतन करावेत आणि या कामाला रीतसर गुणही द्यावेत, ही नम्र विनंती.

– एक पालक, दांडिया बाजार, बडोदे