सूचना : रविवारपर्यंत घरचा राउटर तपासा

सर्व सभासदांना नमस्कार.

परवा बी विंगमध्ये एका घरी नेट रखडतंय म्हणून बघायला गेलो. टीव्हीमागे धुळीत जुनाट राउटर. सेटिंगमध्ये शिरायचं नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. म्हणजे कुलूप लावलंय आणि किल्ली त्यालाच अडकवलीय!

२०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक सॉफ्टवेअरनं असेच कंपनीचे ठरलेले पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं पुन्हा बजावलं, की कंपनीनं अपडेट बंद केलेले जुने राउटर चोरटे हेरतात आणि त्यांच्याआडून आपले उद्योग करतात. उद्योग त्यांचा आणि पत्ता दिसणार आपल्या राजारामपुरीतल्या घरचा.

वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा. बहुतेकांची गल्लत इथंच होते. दोन्ही बदला. मुलांची नावं, गाडीचा नंबर नको. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची सोय, बंद करा. फर्मवेअरचं (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट दिसत असेल तर करून घ्या. नसेल तर नेटवाल्याला मॉडेल नंबर सांगून विचारा. अपडेट येणंच थांबलं असेल, तर राउटर बदलायला सांगा. "चालतोय की अजून" हे काही कारण नव्हे.

ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे रविवारी सकाळी १० ते १२ मी येईन, आधी कळवा. राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो मात्र कृपा करून ग्रुपवर टाकू नका, पासवर्ड त्यावरच छापलेला असतो. मागच्या वेळी दोघांनी टाकला होता.

— सचिव