लाल मकरंद म्हणजे रक्त नव्हे

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मॉरिशसमधील ‘रक्त ठिबकणाऱ्या फुला’चे छायाचित्र पाहून माझ्या नातीने विचारले, “आजी, फुलाला लागलंय का गं?” चित्राखालच्या मजकुरात चमत्काराची भाषा होती आणि वनस्पतीचे नावही नव्हते. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकविल्यामुळे मला गप्प बसवले नाही.

हे फूल नेसोकोडॉन मॉरिशियानस या झुडपाचे. नेसोकोडॉन प्रजातीत ही एकच जाती आहे. मॉरिशसबाहेर ती निसर्गतः कोठेही उगवत नाही आणि तेथेही धबधब्याजवळच्या उभ्या कड्यांवर कशीबशी तग धरून आहे. तिचे शास्त्रीय वर्णन व्हायला १९७९ साल उजाडले.

खाली लोंबणाऱ्या फिकट निळ्या घंटेत दिसणारा तांबडा थेंब म्हणजे मकरंद. आमच्या इंदूरच्या जुन्या वाड्याच्या परसात अडुळसा होता. त्याचे पांढरे फूल देठाकडून चोखले की जिभेवर गोड थेंब येई, पण तो पाण्यासारखा नितळ. बहुतेक फुलांचे असेच असते. या फुलाचा मकरंद मात्र आधी पिवळसर असतो आणि फूल जून होत जाते तसतसा गडद लाल होतो. २०२२ साली त्यातील रंगद्रव्याची ओळख पटली आणि त्याला नेसोकोडिन हे नाव मिळाले. हा मकरंद अल्कधर्मी असतो आणि त्या अल्कतेतच हा रंग तयार होतो, ही गोष्ट मला चमत्कारापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

रंग कोणासाठी, याचेही उत्तर मिळाले आहे. आपल्याकडच्या पाली रात्री दिव्याखाली किडे टिपतात. मॉरिशसच्या हिरव्यागार पाली दिवसा हिंडतात आणि मकरंदही चाटतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्यापुढे कृत्रिम फुले ठेवण्यात आली, काहींत रंगीत मकरंद आणि काहींत बिनरंगी; त्यांची पसंती रंगीत मकरंदाला होती. मकरंद चाटताना त्यांच्या अंगाला परागकण लागतात आणि ते पुढच्या फुलापर्यंत पोचतात.

कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज त्या बेटावर आजही आहेत, तेव्हा ते आपल्याला अगदीच परके नाही. आपण तेच छायाचित्र वनस्पतीच्या नावासह, आणि तो थेंब मकरंदाचा आहे असे स्पष्ट लिहून, पुन्हा छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका, इंदूर